रिसेल फ्लॅटचं पार्किंग सोसायटी देत नाही आणि रस्त्यावर लावलं तर चलान येतं, मग गाडी लावायची कुठे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. पुण्यात २००६ सालच्या इमारतीत तुम्ही रिसेल फ्लॅट घेतलाय, आधीच्या मालकांनी सांगितलं की स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखाली खांबांच्या मधलं, पार्किंग फ्लॅटसोबतच आहे आणि बिल्डरची पार्किंगची पावतीही तुमच्या हातात दिली. राहायला आल्यावर कमिटी म्हणते की तुमचं पार्किंग वगैरे काही नाही, वेटिंगला थांबा. म्हणून गाडी बाहेरच्या रस्त्यावर लावता, तिथे शेजारच्या बंगल्यातल्या काकांनी कुंड्या आणि दगड मांडून ठेवलेत, एकदा टायरची हवा सोडली गेली, आणि वर नो पार्किंगचं चलान आलं. तुमचं म्हणणं, मी पार्किंगचे पैसे मोजलेत, तर माझी जागा मला कोण देणार?

सोसायट्यांच्या कज्ज्यांचं काम मी बरीच वर्षं करते आणि या प्रश्नात लोकांची गल्लत कुठे होते ते आधी सांगते. तुम्ही तिन्ही भांडणं एकच समजून लढताय. स्टिल्टची जागा, इमारतीच्या आवारातली मोकळी जागा आणि बाहेरचा रस्ता, या तिन्हींचा धनी वेगळा, नियम वेगळा आणि दाद मागायचं दारही वेगळं. सोसायटीच्या आवारातल्या भांडणासाठी ट्रॅफिक पोलिसांना फोन केला तर ते म्हणणार आमचा संबंध नाही, कारण मोटार वाहन कायदा चालतो तो जिथे सार्वजनिक वावर आहे तिथे. आणि रस्त्यावरच्या कुंड्यांची तक्रार सेक्रेटरीकडे केली तर तो तरी काय करणार. म्हणून गाडी कुणाच्या जमिनीवर उभी आहे ते आधी ठरवायचं, मग कुणाकडे जायचं ते.

आता बिल्डरची पावती. वाईट वाटेल पण स्पष्ट सांगते, नुसत्या पावतीवर फार विसंबू नका. सुप्रीम कोर्टाने ३१ ऑगस्ट २०१० ला नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या दहिसरच्या प्रकरणात सांगितलं की स्टिल्टखालचं पार्किंग म्हणजे १९६३ च्या मोफा कायद्यातलं, म्हणजे बिल्डरच्या फ्लॅटविक्रीला नियम घालणाऱ्या कायद्यातलं, गॅरेज नव्हे, बिल्डर ते वेगळा गाळा म्हणून विकू शकत नाही, ती सामाईक जागा आहे. तुमची इमारत त्या निकालाच्या आधीची असली तरी त्याने फरक पडत नाही, कारण कोर्टाने १९६३ च्या कायद्याचाच अर्थ लावलाय. म्हणजे बिल्डरने पैसे घेतले असतील, पावतीही खरी असेल, पण जे विकायचा त्याला अधिकारच नव्हता ते आधीच्या मालकांना मिळालं नाही आणि जे त्यांना मिळालं नाही ते तुमच्याकडे येणार कसं.

इथे मध्येच एक गोष्ट, कारण बरेच जण हा निकाल वाचून नव्या इमारतींनाही तोच लावतात. रेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टवर नियंत्रण ठेवणारा कायदा, आल्यानंतरच्या प्रोजेक्टमध्ये चित्र वेगळं आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांमध्ये कव्हर्ड पार्किंगची वेगळी व्याख्या आहे, त्यात बेसमेंट, स्टिल्ट, पोडियम, मेकॅनिकल पार्किंग हे सगळं येतं, आणि असं पार्किंग बिल्डर पैसे घेऊन देऊ शकतो. उघड्यावरचं पार्किंग मात्र विकता येत नाही, महारेराने, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, जुलै २०२१ च्या परिपत्रकात ते स्वच्छ लिहिलंय. २०२४ पासून तर पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि नेमकी जागा अलॉटमेंट लेटर आणि अ‍ॅग्रीमेंटसोबत द्यावी लागते, कारण खांबांच्या मधे अशी जागा दिली जायची की गाडी आत गेली तरी दार उघडायचं नाही. तर नवीन इमारतीत राहणाऱ्यांनी माझं पुढचं उत्तर आपल्या अ‍ॅग्रीमेंटशी ताडून वाचा, तुमचा हक्क कदाचित बराच पक्का असेल.

तुमच्यासारख्या जुन्या इमारतीत मात्र जागा वाटायचं काम सोसायटीचं. आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांमध्ये, ७८ पासून पुढे पार्किंगचाच भाग आहे, तो एकदा शांतपणे वाचा, आणि नेटवरची कुठलीही पीडीएफ नको, तुमच्या सोसायटीने स्वीकारलेल्या उपविधींची प्रत कमिटीकडून मागून घ्या, कारण काही सोसायट्या अजून जुन्याच उपविधींवर चालतात आणि कलमांचे नंबर बदलतात. त्यातले मुद्दे तुमच्या कामाचे आहेत. ज्याच्याकडे गाडी आहे त्या सभासदालाच जागा मिळते. साधारणपणे एका सभासदाला एकच जागा. जागा शिल्लक राहिल्या तरच दुसऱ्या गाडीला, तेही वर्षाच्या बोलीवर. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकायच्या. आणि सोसायटीने दिलेली जागा सभासदाला विकता किंवा परस्पर दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. हा शेवटचा मुद्दा तुमच्या विरोधात जातो, कारण आधीच्या मालकांनी पार्किंग फ्लॅटसोबत दिलं असं म्हणून चालत नाही. पण आधीचे चारही मुद्दे तुमच्या बाजूचे आहेत आणि नवीन सभासद नेमके तेच विसरतात, सगळा जोर पावतीवर लावतात.

म्हणजे कमिटीला विचारायचा प्रश्न "माझी जागा कुठाय" हा नाहीच. विचारायचं हे, की एकूण जागा किती, त्या कुणाकुणाला कोणत्या ठरावाने दिल्यात, दोन जागा कुणाकडे आहेत, गाडी नसताना जागा अडवून कोण बसलंय, आणि वेटिंग लिस्ट असेल तर ती लेखी कुठे आहे. माझा अनुभव असा की "वेटिंगला थांबा" म्हणणाऱ्या बऱ्याच सोसायट्यांमध्ये कागदावर वेटिंग लिस्टच नसते, सेक्रेटरीच्या डोक्यात असते. लेखी मागितलं की मग ती तयार व्हायला लागते आणि त्यातच निम्मे प्रश्न बाहेर येतात.

अर्ज करताना मंजूर नकाशा नक्की मागा, हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण कंटाळा करतो. महापालिकेने मंजूर केलेल्या बिल्डिंग प्लॅनवर तळमजल्याच्या चित्रात पार्किंगचे चौकोन काढलेले असतात, प्रत्येकाला नंबर असतो, खाली तक्ता असतो की चारचाकी किती, दुचाकी किती, सायकली किती. सध्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, चारचाकीची जागा २.५ बाय ५ मीटर आणि दुचाकीची १ बाय २ मीटर धरलीय. एका सोसायटीत आम्ही तो नकाशा ऑफिसच्या टेबलावर पसरला आणि हातात मोजायची टेप घेऊन खाली उतरलो. नकाशावर चारचाकीचे १४ चौकोन, खाली फरशीवर पिवळ्या रंगात नंबर टाकलेले १९. वरचे पाच कुठून आले? तीन चौकोन इमारतीच्या बाजूच्या मोकळ्या जागेत, एक पाण्याच्या टाकीच्या झाकणावर, आणि एक थेट जिन्याच्या तोंडाशी. ते पाच जणच सगळ्यात जास्त आवाजात भांडत होते की आमच्या जागेला हात लावायचा नाही, आणि त्यांच्या जागा मुळात नव्हत्याच. बाजूची मोकळी जागा अग्निशमनच्या गाडीला आत येता यावं म्हणून असते, तिथे गाडी लावायचा ठराव जनरल बॉडीने एकमताने केला तरी तो टिकत नाही. आग लागली त्या दिवशी ठराव दाखवून बंब आत येत नाही हो. तुमच्या कमिटीने उद्या तडजोड म्हणून अशी एखादी जागा देऊ केली तर घेऊ नका, कितीही अडचण असली तरी.

सोसायटीकडे नकाशा नसेल किंवा देत नसतील तर महापालिकेच्या बांधकाम विभागात माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर द्यायचं बंधन. ठरावांच्या नकला सभासद म्हणून फी भरून मागायचा हक्क तुम्हाला आहेच. फक्त एक बघा, शेअर सर्टिफिकेट तुमच्या नावावर झालंय का? रिसेलमध्ये लोक रजिस्ट्रेशन झालं की विसरून जातात, आणि सभासदत्वच मिळालेलं नसेल तर कमिटी पहिला आक्षेप तोच घेणार आणि तो बरोबर असणार. ते काम बाकी असेल तर आधी ते.

इथे परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टीही सांगायला हव्यात. सोसायटी स्थापन झाली तेव्हा पहिल्या जनरल बॉडीने बिल्डरचं वाटप जसंच्या तसं मान्य करून मिनिट्समध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, नोंदवलं असेल, आणि तेव्हापासून तेच चालत आलं असेल, तर एका मीटिंगमध्ये ते उलटवणं सोपं जात नाही, प्रकरण सहकार न्यायालयात जातं आणि तिथे नकाशा, अ‍ॅग्रीमेंट, ठराव सगळं तपासलं जातं. आणि असा ठराव असेल तर तुमच्या आधीच्या मालकांचं नावही त्यात असू शकतं, मग तुम्ही म्हणू शकता की बाकीच्यांचं जुनं वाटप चालतं आणि फक्त माझ्याच फ्लॅटचं रद्द, हे कसं? आणि ठराव नसेलच, फक्त वहिवाट असेल, तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकायची मागणी बरीच जोरकस होते. म्हणूनच कागद बघितल्याशिवाय तुम्ही जिंकाल की हराल हे मी सांगणार नाही, कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याने तुमचे मिनिट्स वाचलेत का ते विचारा.

वेळेचं गणित असं की वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तुमचा विषय अजेंड्यावर यायला हवा असेल तर नोटीस निघायच्या आधी लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. पत्रात भांडू नका. "पार्किंग वाटपाचं धोरण ठरवणे आणि मंजूर नकाशाप्रमाणे जागांची यादी सभेपुढे ठेवणे" असा विषय लिहा. तुमच्या एकट्याची तक्रार म्हणून मांडलं तर सभेत दहा लोक गप्प बसतात, धोरण म्हणून मांडलं तर ज्यांना जागा नाही ते सगळे तुमच्या बाजूने बोलतात, आणि असे लोक प्रत्येक सोसायटीत असतात, विशेषतः जे भाडेकरू ठेवून बाहेर राहतात किंवा ज्यांच्या मुलांनी आत्ता गाडी घेतलीय. कमिटी कागद देत नाही, सभाच घेत नाही, अशी तक्रार उपनिबंधकाकडे, म्हणजे सोसायट्यांवर देखरेख करणाऱ्या सहकार खात्याच्या अधिकाऱ्याकडे, करायची. पण ही जागा माझी का त्याची हा वाद सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो, उपनिबंधक तो ठरवून देत नाहीत. लोक वर्ष-वर्ष उपनिबंधक कार्यालयात खेटे घालतात आणि मग कळतं की दार चुकलं.

आणि कृपा करून रागाच्या भरात दुसऱ्याच्या जागेत गाडी लावू नका. उपविधींचा भंग केला म्हणून सोसायटी कारणे दाखवा नोटीस देऊन, जनरल बॉडीच्या मंजुरीने दंड लावू शकते, वर्षाला जास्तीत जास्त ५००० रुपये. चाकाला जॅमर लावायचा प्रकार मात्र मी कमिट्यांना कायम टाळायला सांगते, कारण कायद्यात जॅमर लावायचा अधिकार दिलाय तो गणवेशातल्या पोलिसाला, वॉचमनला नाही.

आता बाहेरचा रस्ता. काकांचं म्हणणं असणार की माझ्या घरासमोरची जागा माझी. नाही, त्यांची हद्द कंपाउंडच्या भिंतीपाशी संपते. पुढचा फूटपाथ आणि रस्ता महापालिकेचा. कुंड्या, दगड, साखळ्या, रंगवलेले टायर, घरी छापून लावलेली नो पार्किंगची पाटी, यातल्या कशालाही कायदेशीर अर्थ नाही. १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २३१ खाली रस्त्यात ठेवलेल्या अशा वस्तू आयुक्त नोटीस न देता उचलून नेऊ शकतात. क्षेत्रीय कार्यालयाच्या अतिक्रमण विभागाला फोटोसह अर्ज द्या, स्वतः कुंड्या हलवू नका, एक कुंडी फुटली की भांडणाचा विषयच बदलतो.

पण काकांचा एक हक्क मात्र शंभर टक्के खरा आहे आणि तो तुम्ही पाळायलाच हवा, त्यांचं गेट. कुठल्याही घराच्या प्रवेशासमोर गाडी लावायला मनाईच आहे, तिथे पाटी असो वा नसो. तसंच फूटपाथवर, झेब्रा क्रॉसिंगवर, बस स्टॉपपाशी, चौकाच्या तोंडाशी, शाळा-हॉस्पिटलच्या दारासमोर, फायर हायड्रंट अडवून, आणि आधीच उभ्या असलेल्या गाडीला समांतर दुसरी गाडी लावून. गेट म्हणजे फक्त फाटकाच्या रुंदीएवढंच धरू नका, आतली गाडी वळून बाहेर पडायला दोन्ही बाजूंना थोडी जागा लागते, अरुंद गल्लीत तर समोरच्या बाजूलाही. तुम्ही सांगितलंय की त्यांच्याकडे वयस्कर आई आहेत, रात्री अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ येऊ शकते. माझा सल्ला असा की एकदा दिवसा जाऊन त्यांना भेटा, गेटच्या बाजूला किती जागा सोडली तर चालेल ते त्यांच्याचकडून ऐका आणि तुमचा फोन नंबर देऊन ठेवा. गाडीच्या काचेला आतून नंबर लावा. या एवढ्यावर मिटलेली भांडणं मी खूप बघितलीत, अर्ज करून मिटलेली त्यापेक्षा कमी.

टायरची हवा सोडणं हा मात्र गुन्ह्याच्या जवळ जाणारा प्रकार आहे, भारतीय न्याय संहितेत कलम ३२४ नुकसान करण्याबद्दल आहे. पण कुणी केलं याचा पुरावा तुमच्याकडे नाही, काकांवर संशय आहे इतकंच. नाव न घेता पोलीस चौकीत लेखी नोंद करून ठेवा, पुन्हा झालं तर ती नोंद कामाला येते.

चलानाबद्दल दोन शक्यता तपासा. पुण्यात बऱ्याच गल्ल्यांमध्ये पी१ पी२ आहे, एका बाजूला विषम तारखेला आणि दुसऱ्या बाजूला सम तारखेला. रात्री दहाला तुम्ही बरोबर बाजूला गाडी लावता, बाराला तारीख बदलते आणि सकाळी गाडी चुकीच्या बाजूला असते, माणूस शपथेवर सांगतो की मी नियम पाळला आणि चलान तरी बरोबर असतं. तुमच्या चलानावर सकाळची वेळ आहे असं तुम्हीच लिहिलंय म्हणून हे मला जास्त शक्य वाटतं. दुसरी शक्यता, पाटीच नाही किंवा झाडामागे झाकलीय. तसं असेल तर ई-चलान पोर्टलवर जाऊन चलानासोबतचा फोटो बघा, त्यात गाडी आणि जागा ओळखू येते का ते बघा, त्याच जागेचे तुमचे फोटो काढा आणि तिथेच तक्रार नोंदवा. नुसतं पडून राहू देऊ नका, नो पार्किंगला पहिल्या वेळी ५०० रुपये दंड असतो आणि पुन्हा झालं तर १५००.

आणि एक नियम जो रस्त्यावर कायम गाडी लावणाऱ्यांना बहुतेक माहीतच नसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक जागी गाडी दहा तास किंवा जास्त बेवारशी सोडली असेल तर पोलीस ती उचलू शकतात, तिथे नो पार्किंग नसलं तरी. रोज रात्री लावलेल्या गाड्या अशा उचलल्या जात नाहीत हे खरंय, पण गावाला जाताना आठ दिवस गाडी रस्त्यावर ठेवून जाऊ नका. रस्त्यावर गाडी लावायची मिळते ती सवलत, तिथे रोज लावली म्हणून ती जागा तुमची होत नाही, जशी काकांची झालेली नाही. काकांना जो कायदा आपण ऐकवतो तोच आपल्यालाही लागू आहे एवढं लक्षात ठेवलं की बोलणं सोपं जातं.

अजून एक शंका, तुम्ही लिहिलंय की तो रस्ता लेआउटच्या आतला आहे. काही लेआउटचे अंतर्गत रस्ते अजून महापालिकेच्या ताब्यात दिलेले नसतात, मग अतिक्रमण विभाग हात वर करतो. क्षेत्रीय कार्यालयाच्या पथ विभागात रस्त्याचं नाव सांगून तो ताब्यात आलाय का ते विचारा, कुंड्यांचा अर्ज त्यानंतर द्या.

तुमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये, म्हणजे आधीच्या मालकांचं बिल्डरसोबतचं मूळ आणि तुमचं त्यांच्यासोबतचं अशा दोन्हींत, पार्किंगबद्दल जे वाक्य असेल ते नावं काढून जसंच्या तसं इथे टाका. "पार्किंगसह" लिहिलंय, "पार्किंग वापरण्याचा हक्क" लिहिलंय की उल्लेखच नाही, यावर अर्जात कोणती भाषा वापरायची ते ठरेल, ते वाचून मसुदा सुचवते.